पणजोबा अमेरिकेला गेले होते म्हणतात: मुंबईत बसून शोध कसा घ्यायचा

मुंबई-कोकणातल्या बऱ्याच घराण्यांत असा एक माणूस सापडतो. कोणी बोटीवर खलाशी म्हणून गेला, न्यूयॉर्कला उतरला आणि परत आलाच नाही. कोणी संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन शिकायला गेला, चार-सहा वर्षं पत्रं आली, मग थांबली. कोणी मिशनच्या ओळखीने गेला. घरच्या वंशावळीत त्याच्या नावापुढे रेघ थांबते. अशा माणसाचा, म्हणजे साधारण १९४६च्या आधी अमेरिकेत पोचलेल्या पूर्वजाचा, माग आज मुंबईतून बराच लांबवर काढता येतो. अमेरिकेची कागदपत्रं मोठ्या प्रमाणावर स्कॅन झाली आहेत आणि त्यांतली बरीचशी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं उघडून फुकट पाहता येतात.

तरीही बहुतेकांचा शोध पहिल्याच आठवड्यात अडतो, कारण सुरुवात नावापासून होते. अमेरिकन नोंदींमध्ये मराठी नाव हा सगळ्यात कच्चा धागा आहे. पक्के धागे तीन: गाव, वडिलांचं नाव, आणि मागे राहिलेल्या नातेवाइकाचा पत्ता. पुढे जे सांगतो आहोत ते सगळं या तिघांभोवती आहे.

संकेतस्थळ उघडण्याआधी घरातली पेटी उघडा. जुनं पत्र सापडलं तर मजकुराआधी पाकीट वाचा. त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यात शहर आणि तारीख असते, मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. फोटोच्या पुठ्ठ्यावर खाली स्टुडिओचं नाव आणि शहर छापलेलं असतं. मनीऑर्डरची पावती, कॉलेजचं छापील पत्रक, बोटीच्या कंपनीचा कागद, काहीही टाकू नका. पत्र मोडीत असेल तर अंदाजाने वाचू नका, लिप्यंतर करणाऱ्याकडून करून घ्या आणि मूळ कागदाचा फोटो सोबत ठेवा. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळे आडनाव आणि गाव नवख्याला हमखास चुकीचं लागतं.

तारखा शके आणि तिथीत असतील तर नुसते ७८ मिळवून मोकळे होऊ नका. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून माघ-फाल्गुनातल्या आणि पौषाच्या उत्तरार्धातल्या तारखेला ७९ मिळवावे लागतात. शके १८३०चा माघ म्हणजे १९०९चा जानेवारी-फेब्रुवारी. एका वर्षाचा फरक किरकोळ वाटतो, पण बोटींच्या याद्या चाळताना त्या वर्षात हजारो पानं असतात.

आता नाव. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने लिहितो. तिकडच्या कारकुनाला मधलं नाव म्हणजे दुसरं नाव वाटलं, तर ते एका अक्षरावर आलं. कधी आडनाव गळून वडिलांचं नावच आडनाव झालं. कोकणी मुसलमान खलाशांच्या बाबतीत हे फार दिसतं, कारण बोटीच्या पटावर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एवढंच लिहिलेलं असे. स्पेलिंगचं तर विचारू नका. आनंदीबाई जोशींच्या आडनावाच्या शेवटी अमेरिकेत दोन 'ई' आहेत. मुंबईत जन्मलेले संशोधक शंकर आबाजी भिसे, जे १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले, त्यांच्या आडनावाच्या शेवटी तिकडच्या कागदांत 'वाय' जोडलेला आढळतो. भिसेंसारखा पेटंट घेणारा पूर्वज असेल तर गूगल पेटंट्समध्ये जरूर शोधा, कारण पेटंटच्या पहिल्याच परिच्छेदात त्या वेळचं राहण्याचं शहर आणि नागरिकत्व लिहिलेलं असतं.

जुन्या अमेरिकन सूचींपैकी बऱ्याच साउंडेक्स पद्धतीने लावल्या आहेत: पहिलं अक्षर तसंच, पुढे व्यंजनांचे तीन आकडे. ही पद्धत स्वर आणि 'एच', 'डब्ल्यू', 'वाय' सोडून देते. जोशीचं स्पेलिंग शेवटी 'आय' करा किंवा दोन 'ई', दोन्ही 'जे-२००'च येतात. पण सावंत 'डब्ल्यू'ने लिहिलं तर 'एस-५३०' आणि 'व्ही'ने लिहिलं तर 'एस-१५३', कारण 'व्ही'ला आकडा आहे, 'डब्ल्यू'ला नाही. वागळे, वैद्य, वर्तक या आडनावांत तर पहिलंच अक्षर बदलतं आणि दोन्ही रूपं सूचीत वेगवेगळ्या अक्षरांखाली जातात. म्हणून 'व' असलेलं प्रत्येक आडनाव दोनदा शोधायचं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे आडनावाची चौकट रिकामी ठेवायची. जन्मस्थळ भारत, जन्मवर्ष पाच वर्षं मागे-पुढे, राज्य न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्निया, एवढंच भरा. १९४०च्या आधी अमेरिकेत भारतात जन्मलेली माणसं एवढी थोडी होती की ही यादी हाताने चाळणं शक्य असतं. मात्र तिच्यात भारतात जन्मलेली मिशनऱ्यांची आणि इंग्रजांची मुलंही येतात, ती ओळखून बाजूला काढावी लागतात.

इथे तीन खड्डे आहेत. पहिला, 'बॉम्बे'. तिकडच्या कागदावर जन्मस्थळ बॉम्बे असेल तर तो मुंबई इलाखा असू शकतो, आणि १९३६पर्यंत त्यात सिंधही होता. रत्नागिरीचा, धारवाडचा आणि कराचीचा माणूस, तिघेही तिथे बॉम्बेचे. दुसरा, 'हिंदू'. १९२०, १९३० आणि १९४०च्या जनगणनेत हा वंशाचा रकाना होता आणि त्यात शीख, मुसलमान, ख्रिस्ती सगळे टाकले. वर्तमानपत्रांत हाच शब्द बऱ्याचदा शेवटी दोन 'ओ' घालून छापत, तेव्हा तसाही शोधा. तिसरा, 'ईस्ट इंडियन'. अमेरिकेत तो कुठल्याही भारतीयासाठी वापरत, त्यावरून पूर्वज वसई-साष्टीच्या ईस्ट इंडियन समाजाचा होता असं धरू नका. नुसतं 'इंडियन' लिहिलं असेल तर सूची करणाऱ्याने त्याला तिथला आदिवासी समजून वेगळ्याच गटात टाकलेलं असतं. मूळ पानाची प्रतिमा पाहिल्याशिवाय सूचीवर विसंबू नये.

मग प्रवास. मुंबईहून अमेरिकेची बोट शोधत बसलात तर बहुधा काही मिळणार नाही, कारण प्रवास टप्प्यांत होई. मुंबईहून सुएझमार्गे इंग्लंड आणि तिथून लिव्हरपूल किंवा साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्क, हा एक रस्ता. कोलंबो, हाँगकाँग, योकोहामा करत सॅन फ्रान्सिस्को किंवा सिएटल, हा दुसरा. शिवाय बंदर मुंबईच असेल असंही नाही. कल्याणच्या घराण्यातल्या आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ला निघाल्या त्या कलकत्त्याहून, कारण गोपाळरावांची नोकरी तेव्हा बंगालमध्ये होती, आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. म्हणून आधी पाहायचं की पूर्वज निघाला तेव्हा नोकरी-शिक्षणाला कुठे होता.

इंग्लंडमार्गे गेलेल्यांसाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या दोन मालिका कामाच्या. बीटी-२६ म्हणजे ब्रिटनमध्ये उतरलेल्यांच्या याद्या, १८७८ ते १९६०, त्यांतल्या सुरुवातीच्या वर्षांच्या फारच थोड्या शिल्लक आहेत. बीटी-२७ म्हणजे ब्रिटनहून दूरदेशी गेलेल्यांच्या, १८९० ते १९६०. दोन्ही सशुल्क संकेतस्थळांवर आहेत. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून निराश होऊ नका. पी अँड ओ कंपनीच्या बोटीने निघालेले कितीतरी उतारू फ्रान्समधल्या मार्सेयला उतरून पुढे रेल्वेने जात, त्यांची नावं लंडनच्या यादीत येतच नाहीत. दुसरी यादी मात्र पाहायचीच. पॅसिफिकच्या बाजूने गेलेल्यांपैकी काही आधी व्हँकूव्हरला उतरले आणि मग सीमा ओलांडली. कॅनडाच्या सीमेवरून आलेल्यांच्या नोंदी १८९५पासूनच्या असून त्या सेंट ऑल्बन्स या नावाखाली शोधायच्या.

अमेरिकेच्या बाजूला न्यूयॉर्कच्या उतारू-याद्या १८२०पासूनच्या शिल्लक आहेत. न्यूयॉर्क बंदरातलं एलिस बेट, जिथे येणाऱ्यांची तपासणी होई, ते १ जानेवारी १८९२ला सुरू झालं. जून १८९७च्या आगीत तिथलं बरंच दफ्तर जळालं, पण बोटींच्या कस्टम खात्याकडच्या याद्या वाचल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या याद्या मात्र आगींत गेल्या. तिथल्या सलग याद्या १८९३पासून पुढच्या. तिथल्या बंदरातलं एंजल बेटावरचं तपासणी ठाणं १९१० ते १९४० चाललं. तिथे अडवलेल्या माणसाची चौकशी झाली असेल तर त्याची स्वतंत्र फाइल असण्याचा संभव आहे, आणि अशी फाइल म्हणजे प्रश्नोत्तरांची टिपणं: गाव कोणतं, पैसे कोणी दिले, घरी कोण आहे.

१९०७पासूनची यादी हाती लागली तर तिचं खरं मोल शेजारच्या पानावर असतं. त्या वर्षापासून एका उतारूची नोंद समोरासमोरच्या दोन पानांवर पसरते, आणि निघालेल्या देशातल्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता हा रकाना सुरू होतो. 'वडील अमुक, ठाकूरद्वार' किंवा 'भाऊ तमुक, तालुका मालवण' अशी एक ओळ मिळाली की नावाचं स्पेलिंग कितीही बिघडलेलं असो, माणूस ओळखता येतो. संकेतस्थळावर पहिलं पान दिसतं आणि लोक तिथेच थांबतात. पुढची प्रतिमा दाबून बघा. उंची, रंग, अंगावरची खूण, सोबत किती डॉलर, तिकीट कोणी काढलं, कोणाकडे जाणार, हे सगळं तिथेच. 'कोणाकडे जाणार' या रकान्यातल्या माणसाचाही शोध घ्या, तो बहुतेक वेळा गाववाला किंवा आधी गेलेला विद्यार्थी निघतो. नावाशेजारी 'एक्स'ची खूण म्हणजे माणसाला थांबवून घेतलं होतं. 'एस आय' म्हणजे विशेष चौकशी. नावावर नंतर कोणी लिहिलेले आकडे आणि तारीख दिसली तर आनंद माना. नागरिकत्वाच्या अर्जासाठी त्याचं आगमन पुढे कधीतरी तपासलं गेलं, असा त्याचा अर्थ, म्हणजे पुढचा कागद आहे.

एलिस बेटावर नाव बदललं, ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. तिथले अधिकारी बोट निघाली त्या बंदरात बनलेली यादी पुढ्यात ठेवून माणसं तपासत. नाव बिघडलं असेल तर ते निघतानाच्या बंदरात, किंवा माणसाने नंतर स्वतःहून बदललं.

खलाशांचं प्रकरण वेगळं. ते उतारू-यादीत नसतात, त्याच बोटीच्या प्रतिमांमध्ये शेवटी कर्मचाऱ्यांची यादी असते. तिच्यात काम, किती वर्षं बोटीवर, कुठल्या बंदरात भरती, वय, उंची, वजन असतं. पळून उतरलेल्यांची नोंद वेगळ्या कागदावर किंवा नावापुढच्या शेऱ्यात सापडते. ब्रिटिश बोटींच्या क्रू-करारनाम्यांचा फार मोठा साठा, १८६३ ते १९३८चा, कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत आहे. तो मागवताना बोटीचं नाव पुरत नाही, बोटीचा अधिकृत क्रमांक लागतो, कारण एकाच नावाच्या अनेक बोटी होत्या. घरात सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, किंवा बोटीचा दाखला असेल तर त्यावर तो क्रमांक पाहा.

पुढचं समजायला कायद्याच्या तारखा पाठ हव्यात, कारण कोणते कागद असतील ते त्या ठरवतात. २७ सप्टेंबर १९०६च्या आधी नागरिकत्व कुठल्याही कोर्टात मिळे आणि कागद फार त्रोटक असत. त्यानंतर साचेबद्ध अर्ज आले आणि प्रत केंद्र सरकारकडे जाऊ लागली. १९१७च्या कायद्याने भारतीय मजुरांना दार बंद झालं, विद्यार्थ्यांना सूट राहिली. १९ फेब्रुवारी १९२३ला भगतसिंग थिंड खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवलं आणि ज्यांना ते मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित १९१४ मध्ये नागरिक झाले होते. त्यांच्यावरही खटला झाला, तो त्यांनी जिंकला. २ जुलै १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्याने दार पुन्हा उघडलं, वर्षाला १०० जणांपुरतं.

तेव्हा १९२३ ते १९४६मध्ये पूर्वजाचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र सापडलं नाही तर त्यात नवल नाही. पण प्रमाणपत्राआधी 'डिक्लरेशन ऑफ इंटेन्शन' नावाचा पहिला कागद असतो, तो अनेकांनी भरला आणि पुढे गेला नाही. जन्मगाव, जन्मतारीख, बोट, उतरल्याची तारीख हे सगळं त्यातच असतं, आणि १९२९च्या जुलैपासून फोटोसुद्धा. म्हणून प्रमाणपत्राऐवजी हा शोधा. नागरिकत्व रद्द झालं असेल तर खटल्याची फाइल जिल्हा कोर्टाच्या दफ्तरात आणि ते दफ्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रादेशिक शाखेत.

पूर्वजाने तिकडे लग्न केलं असेल तर बायकोचे कागद पाहायला विसरू नका. १९०७च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व जाई. १९२२ मध्ये तो नियम सैल झाला, पण नवरा नागरिकत्वास अपात्र असेल तर १९३१पर्यंत तिचं जातच राहिलं. पुढे ते परत मिळवायला तिने जो अर्ज केला त्यात नवऱ्याचं नाव, जन्मस्थळ आणि लग्नाची तारीख असते. नवऱ्याच्या नावाने काहीच न सापडलेली कितीतरी प्रकरणं या वाटेने सुटण्यासारखी असतात.

जनगणनेच्या नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात; १९५०ची १ एप्रिल २०२२ला झाली. १८९०ची जवळपास सगळी १९२१च्या आगीमुळे गेली, तिच्यामागे लागू नका. १९०० ते १९३०च्या जनगणनांत आगमनाचं वर्ष विचारलेलं आहे. त्यावर काटेकोर विश्वास नको, पण बोटीच्या यादीचा शोध चार-पाच वर्षांच्या पट्ट्यात आणायला ते पुरतं. पहिल्या महायुद्धाच्या लष्करी नोंदणीची कार्डं मात्र फार मोलाची, कारण परदेशी नागरिकांनाही नोंदणी सक्तीची होती. जून १९१७च्या कार्डावर जन्मगाव आहे. १२ सप्टेंबर १९१८च्या कार्डावर जन्मगाव नाही, त्याऐवजी जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता आहे. शिवाय दोन्हीवर पूर्वजाची स्वतःच्या हातची सही असते, घरातल्या पत्राशी ती ताडून पाहता येते. १९४० मध्ये ऑगस्ट ते डिसेंबरात १४ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसाची नोंदणी झाली, तिचा अर्ज अमेरिकेच्या नागरिकत्व खात्याच्या वंशावळ विभागाकडून मागवता येतो. आधी सूचीत शोध घेण्याची फी, मग प्रतीची वेगळी फी, आणि उत्तराला महिने लागतात. अर्ज करताना नावाची जेवढी स्पेलिंगं माहीत असतील तेवढी सगळी लिहा, एकच दिलं तर तेवढंच शोधतात.

विद्यार्थ्यांचं काम त्यामानाने सोपं. विद्यापीठांची वार्षिक पुस्तकं आणि माजी विद्यार्थ्यांच्या याद्या इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला, आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला, दोघेही बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तुमच्या पूर्वजालाही संस्थानने पाठवलं असेल तर मुंबईत न शोधता संस्थानचं दफ्तर गाठा: बडोद्याचं बडोद्यात, कोल्हापूरचं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. डॉक्टर झालेल्या बायकांसाठी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजचं दफ्तर आता ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीकडे आहे. आनंदीबाई १८८६च्या, गुरुबाई करमरकर १८९२च्या. मराठी ख्रिस्ती घराण्यांनी अमेरिकन मराठी मिशनचे कागद पाहावेत. हे मिशन मुंबईत १८१३ मध्ये आलं, मूळ संस्थेचं दफ्तर हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहे, आणि १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'च्या जुन्या अंकांत परदेशी गेलेल्यांच्या बातम्या असत.

मुंबईतली कामं तोपर्यंत थांबवू नका. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज घेऊन जा. तिथलं दफ्तर खात्याप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे लावलेलं आहे, माणसाच्या नावाने नाही. आधी त्या वर्षाची सूची मागवायची, शिक्षण किंवा राजकीय खात्यातलं प्रकरण हेरायचं, मग खंड आणि प्रकरणाचा क्रमांक लिहून तो खंड मागवायचा. नाव सांगून 'शोधून द्या' म्हटलं तर काही मिळत नाही. अमेरिकेतल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गदर चळवळीशी संबंध असल्याचा नुसता संशय जरी असेल तरी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ उघडा. गृह खात्याच्या फाइलींत अमेरिकेतल्या भारतीयांची नावं, पत्ते, कधी पत्रांच्या नकलाही आहेत. सरकारने ज्यांच्यावर पाळत ठेवली त्यांचा इतिहास आज सगळ्यात नीट सापडतो.

गावाकडे तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ची नक्कल घ्या. त्यावरून जन्म आणि वडील पक्के होतात. जमीन असेल तर गाव नमुना ६चे फेरफार मागे मागे काढत न्या. गेलेल्या माणसाचं नाव भावांनी कधी कमी करून घेतलं ते वर्ष तिथे मिळतं, आणि शेऱ्यात 'परागंदा' किंवा 'मयत' यांतलं काय लिहिलंय ते नीट पाहा. मयत लिहिलं म्हणजे मृत्यूची बातमी आली असेलच असं नाही. सात वर्षं ठावठिकाणा नसला की मृत समजण्याची तरतूद १८७२च्या पुरावा कायद्यात होती, तिच्या आधारेही नाव कमी झालेलं असतं. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, यांतून भावंडांची नावं पुरी होतात. ती लागणार आहेत, कारण १९०७नंतरच्या बोटीच्या यादीत नेमकी त्यांच्यापैकीच कोणाचं तरी नाव असतं.

मृत्यूची नोंद न्यूयॉर्कमध्ये झाली असेल तर शहराच्या म्युनिसिपल अर्काइव्ह्जने जुने दाखले ऑनलाइन फुकट ठेवले आहेत. त्यातलं आईवडिलांचं नाव बरेचदा घरमालकाने किंवा मित्राने अंदाजाने सांगितलेलं असतं, त्यामुळे ते न जुळलं म्हणून दाखला टाकून देऊ नका. दहन झालं असलं तरी अस्थींची नोंद स्मशानभूमीच्या वहीत असू शकते. आनंदीबाई पुण्यात गेल्या, तरी त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या ग्रामीण स्मशानभूमीत, अमेरिकेत त्यांना आधार देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत.

तिकडे त्याचं दुसरं कुटुंब होतं असं कळलं, तर डीएनए चाचणीचा विचार करा. पणजोबा एकच आणि पणज्या दोन असतील, तर तिकडच्या पणतवंडाशी तुमचं साम्य सरासरी दीड टक्क्याच्या आसपास येतं. मुंबईत एकाच जातीत पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झालेली असल्यामुळे एवढ्या छोट्या जुळण्या इथल्या परक्या माणसांशीही दिसतात आणि दिशाभूल करतात. अमेरिकेतल्या माणसाच्या बाबतीत तो गोंधळ कमी. त्याच्या बाकी सगळ्या पूर्वजांचं मूळ युरोपचं किंवा मेक्सिकोचं असेल, तर त्याच्या निकालात दक्षिण आशियाचा सुमारे १२ टक्के भाग वेगळा उठून दिसतो, आणि तुमच्याशी जुळणारे तुकडे नेमके त्या भागातले आहेत का हे तपासता येतं. चाचणी घरातल्या सगळ्यात मोठ्या पिढीची करा. आजी-आजोबा किंवा त्यांची भावंडं हयात असतील तर आधी त्यांची, कारण एक पिढी मागे गेलं की साम्य दुप्पट होतं. पहिलं पत्र लिहिताना पणजोबांच्या दुसऱ्या लग्नाचा विषय एकदम काढू नका. बोटीच्या यादीचं पान आणि घरातला फोटो एवढंच पाठवा, आणि त्यांच्याकडे त्या माणसाचं कोणतं नाव सांगितलं जातं ते विचारा.